छोटी, घुमणारी खोली आणि स्पीकर: आधी काय बदलावं?

अंगणातला_पारवा
मंडळी, नमस्कार. ठाण्यात नव्या घराचा ताबा मिळाला. मागची छोटी बेडरूम गाणं ऐकायला आणि बाबांना दुपारचं बसायला ठेवायची, असं घरात ठरलंय. खोली १० फूट बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंतींना पुट्टी आणि गुळगुळीत रंग, १० फुटी बाजूला जवळजवळ अख्खी सरकती काचेची खिडकी. आत सध्या एक दिवाण, बाबांची खुर्ची आणि मेव्हण्यांनी दिलेले साडेतीन फूट उंचीचे टॉवर स्पीकर.

ऐकणं मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत. जुनी आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं बरीच आहेत. त्रास असा की डग्ग्यावर हात पडला की भुम्म उठतं आणि पुढची मात्रा आली तरी विरत नाही. तंबोरा खोलीभर पसरून गायकाच्या डोक्यावर बसतो. बाबा संध्याकाळी बातम्या आणि कीर्तन ऐकतात. ते म्हणतात, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत." आवाज वाढवला की शब्द आणखीच गढूळ होतात.

खर्चाची तयारी ४० हजारांपर्यंत. टॉवर देऊन टाकून छोटे बुकशेल्फ स्पीकर घ्यावेत? साउंडबार? की भिंतींना फोम चिकटवावा? कुठून सुरुवात करू?

टिंबटिंब
वाचतेय. आमच्याकडे हॉलची हीच रड आहे.

ओमचा_नियम
पारवा, चाळीसातला एक रुपयाही आत्ता स्पीकरवर घालू नका. आधी खोलीच्या मधोमध उभे राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर भिंतींमधून बारीक, धातूसारखा 'चर्रर्र' ऐकू आला तर तो दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज टेनिस खेळतोय त्याचा. शब्द गढूळ होण्याचं निम्मं कारण तिथे आहे.

दुसरा आजार वेगळा आहे आणि त्याचं औषधही वेगळं. खालच्या पट्टीतले सूर भिंतीभिंतींमध्ये अडकून उभे राहतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागा. तुमच्या १२ फुटांचा सूर ४७ हर्ट्झच्या आसपास येतो, १० फुटांचा ५६ आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९. यातले ५६ आणि ५९ जवळपास एकमेकांवर बसलेत. त्यांच्या दुपटी ११२ आणि ११८, त्याही शेजारी शेजारी. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात असतो. म्हणजे भुम्म करतेय ती तुमची खोली. स्पीकर बिचारा फक्त तिला चेतवतोय.

साउंडबार विसरा. त्यातले बरेचसे आवाज मुद्दाम भिंतींवर आपटवून पसरवतात, आणि तुमच्या भिंती आधीच जास्त बोलतायत.

मुक्काम_पोस्ट
साधा उपाय सांगतो. अंड्यांचे रिकामे ट्रे किराणावाल्याकडे फुकट मिळतात. भिंतभर लावा. कॉलेजात आमच्या बँडच्या खोलीत लावले होते, एकदम स्टुडिओ.

ओमचा_नियम
@मुक्काम_पोस्ट, अहो, दिसायला स्टुडिओ. ट्रेचा कागद पातळ असतो. त्यातून वरच्या पट्टीतलं थोडंफार शोषलं जातं आणि खालचं सगळं जसंच्या तसं परततं. शिवाय सुका कागद, वर वायरिंग. घरात वयस्कर माणूस असताना भिंतभर पेटता माल लावू नये.

फोमचंही तेच. बाजारात मिळतो तो एक इंची पिरॅमिड फोम साधारण १००० हर्ट्झच्या वर उपयोगी पडतो. भिंती त्याने मढवल्या तर वरचे सूर मरतात आणि डग्ग्याचं भुम्म जागेवर राहतं. बाबांना तर आणखी कमी कळेल, कारण स, श, त, क या व्यंजनांचा जीव वरच्या पट्टीतच असतो.

मुक्काम_पोस्ट
बरं बरं. पण बँड चांगला होता आमचा!

सायली_मुळे
मी जरा वेगळं सांगते. हे घर आहे, त्यात माणसं राहणार आहेत. भिंतींना काळे चौकोन लावलेल्या खोलीत बाबा बसणार नाहीत. आमच्याकडे याच मापाच्या खोलीत आधी घरातल्याच वस्तू हलवल्या. टाइल्सवर जाड सतरंजी आणि तिच्याखाली जुन्या रजईचा थर. खिडकीला दुप्पट कापडाचा, भरपूर चुण्यांचा पडदा, काचेपासून वीतभर पुढे घेतलेल्या रॉडवर. स्पीकरसमोरच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, आणि पुस्तकं एका रेषेत न लावता पुढेमागे. दिवाणावर कापसाची गादी, लोड, तक्के. बोलण्यातला फरक त्याच संध्याकाळी कळला. फोनवरच्या बहिणीनेच विचारलं, आज कुठून बोलतेयस म्हणून.

मंद्र_सप्तक
सायलीताईंना अनुमोदन. कापसाची चार इंची गादी हे आपल्या घरातलं सगळ्यात स्वस्त आणि उत्तम शोषक आहे. आपल्याकडे बैठकीच्या खोलीत गाद्या, पांढऱ्या चादरी आणि तक्के घालून मैफल बसायची, त्यात आवाजाचा फार मोठा विचार होता. किशोरीताईंचा एखादा हळुवार, जवळजवळ श्वासातच लावलेला स्वर अशा बैठकीत शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा तो उगीच नाही.

ओमचा_नियम
आणि समोर बसलेली माणसंही शोषकच. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढा आवाज गिळतो.

टिंबटिंब
म्हणजे पाहुणे बोलवा, चहाच्या खर्चात खोली दुरुस्त!

थर्मासभर_चहा
@टिंबटिंब, यात इतिहास दडलाय. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात व्याख्यात्याचं बोलणं कळेना. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद हवेत रेंगाळायचा. हे निस्तरायला विद्यापीठाने वॉलेस क्लेमंट सॅबाइन नावाच्या विशीतल्या भौतिकीच्या शिक्षकाला नेमलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि एकेक वाढवत, ऑर्गनची नळी वाजवून तिचा सूर किती वेळ ऐकू येतो ते मोजलं. पहाटे गाद्या परत. त्यातूनच आज जगभर वापरतात ते सूत्र निघालं: आवाज विरायला लागणारा वेळ खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात. शोषण मोजायचं एकक म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

ओमचा_नियम
वा! मग तेच सूत्र पारव्यांच्या खोलीला लावतो. घनफळ साधारण ३२ घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून ६१ चौरस मीटर, आणि टाइल, काच, पुट्टी जेमतेम ४ टक्के शोषतात असं धरू. रिकाम्या खोलीत आवाज विरायला २ सेकंदांच्या आसपास लागतील. घरात गाणं आणि बोलणं दोन्ही सुखाने ऐकायला ०.४ ते ०.५ सेकंद हवेत. त्यासाठी एकूण शोषण किमान १० चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं व्हायला पाहिजे. आत्ता अडीचही नाही. सतरंजी, गादी, पडदा, कपाट मिळून बराच पल्ला गाठता येतो. उरलेलं भिंतीवरच्या शोषक पॅनेलने भरायचं.

जर्सीतली_रमा
अमेरिकेतून लिहितेय. इथल्या मंचांवरचे सल्ले वाचून कुणी खरेदी करणार असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे तक्ते. मूठ आपटली तर पोकळ वाजतात. खालचे सूर आले की हे तक्ते स्वतः थरथरतात आणि बराचसा बास गिळतात किंवा पलीकडे सोडून देतात. माझ्या आईच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आरसीसी आणि विटांची भिंत आहे. ती हलतच नाही, सगळा बास आत परतवते. तेच स्पीकर मी इथे ऐकले तेव्हा हलकेफुलके वाटले, आणि तिकडे नेल्यावर जड. त्यामुळे "छोट्या खोलीला सोबत सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा वेगळा स्पीकर) घ्याच" हा इथला सल्ला ठाण्याच्या फ्लॅटला जसाच्या तसा लागू होत नाही.

अंगणातला_पारवा
रमाताई, हे कुठेच वाचलं नव्हतं. मी ज्या व्हिडिओंवरून यादी केली होती ते सगळे अमेरिकेतलेच.

आप्पा_सोलापूरकर
पारवा, तुम्ही ठाण्याला, मी सोलापूरला. आमच्याकडे धनगरी घोंगडी अजून हातमागावर विणून मिळते. खरी लोकरीची, खरखरीत, नाकाजवळ धरली तर मेंढराचा वास येणारी. विणीतून उजेड दिसतो, पण बोटाने दाबली तर चांगली दळदार लागते. भिंतीला सपाट चिकटवू नका. वर लाकडी पट्टी, तिच्यामागे दोन इंचांचे ठोकळे, आणि घोंगडी जरा सैल सोडायची. मागच्या पोकळीमुळे तीच घोंगडी जास्त खालपर्यंत काम करते. मी दोन घोंगड्या समोरासमोर न लावता तिरक्या लावल्या, म्हणजे एका भिंतीवर जिथे घोंगडी तिथे समोरच्या भिंतीवर उघडा भाग. टाळीचा चर्रर्र गेला.

अवांतर: आवाज घुमणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर इथून शंभर किलोमीटरवर विजापूरचा गोलघुमट आहे. महंमद आदिलशहाची कबर, १६५६ ची. वरच्या सज्ज्यात भिंतीशी कुजबुजलं की पार पलीकडच्या माणसाला ऐकू येतं. तिथे कुणाच्या बाबांना बातम्या कळणार नाहीत.

पखवाजी
गोलघुमटात पखवाज वाजवायची माझी फार इच्छा आहे. परण एकच वाजवायची आणि ऐकत बसायचं.

कडप्पा
मूळ प्रश्नाकडे येतो. स्पीकरच्या बाबतीत माझं ठाम मत: दहा बाय बाराला बंद खोक्याचे छोटे स्पीकर. मागे भोक असलेले नकोत. भोकाचा स्पीकर एका ठरावीक सुराभोवती हवेचा जोर देऊन बास वाढवतो, आणि तो भिंतीजवळ ठेवला की भिंत आणखी भर घालते. कोपऱ्यात ठेवलात तर दोन भिंती आणि जमीन तिघी मिळून. बंद खोक्याचा बास लवकर उतरायला लागतो, पण हळूहळू उतरत जातो, त्यामुळे भिंतीची भर पडली की तोल बरोबर बसतो.

छोट्या जागेसाठी स्पीकर बनवायचा विचार जुना आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए बनवला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे माणसाला हातपाय पसरायला जागा नसते, तिथे निवेदकाचा आवाज नीट तपासता यावा म्हणून. पाचेक लिटरचं बंद खोकं, पातळ प्लायचं. माणसाचा आवाज त्याच्यावर आजही लोक ऐकत बसतात. यामाहाचा एनएस-१० पण बंद खोक्याचाच. १९७८ मध्ये घरगुती म्हणून आला आणि स्टुडिओंमध्ये मिक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसला.

ओमचा_नियम
खोक्याबद्दल सहमत. पण टॉवर लगेच हाकलायला माझा विरोध आहे. मागच्या भोकात फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला मोजा घातला तर तो स्पीकर बऱ्याच अंशी बंद खोक्यासारखा वागतो. फुकट प्रयोग. मग कॉम्प्युटरवरून ऐकत असाल तर वेगवेगळ्या सुरांचा जोर कमीजास्त करणारं इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ५७ हर्ट्झपाशी एक अरुंद खड्डा पाडून ५-६ डेसिबल उतरवा. डग्गा ताळ्यावर येईल.

कडप्पा
इक्वलायझरने खोली बदलत नाही हो. एका जागी दुरुस्त केलं की दोन फुटांवर बिघडतं.

ओमचा_नियम
उंचवटा उतरवता येतो, खड्डा भरता येत नाही, एवढं पथ्य पाळलं तर बिघडत नाही. जिथे सूर एकमेकांना मारतायत तिथे १० डेसिबल चढवायचे तर अँप्लिफायरकडून दहापट ताकद मागावी लागते आणि तरी तो सूर मेलेलाच राहतो. पण खोलीच्या लांबी-रुंदीमुळे उठलेला उंचवटा उतरवला की घुमणंही कमी होतं. आणि इथे ऐकणारे दोनच जण आहेत, जागा ठरलेल्या आहेत.

कडप्पा
दोन जागा दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, हाच माझा मुद्दा. दिवाण एका भिंतीला, खुर्ची खिडकीपाशी.

सायली_मुळे
दोघंही बरोबर बोलताय असं मला वाटतं, पण बाबांचा प्रश्न मागे पडला. त्यांना डग्ग्याचं काही नाही, त्यांना शब्द हवेत.

पखवाजी
सायलीताई, नेमकं. माझ्या आईचं असंच होतं. वयाने कान जातात ते आधी वरच्या पट्टीत जातात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. मग माणूस म्हणतो आवाज आहे, शब्द नाहीत. त्यात घुमणारी खोली मागच्या अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरावर टाकते. आवाज वाढवला की शेपूटही तेवढंच वाढतं.

उपाय एकच, अंतर कमी करा. स्पीकरपासून अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमलेला आवाज आहे तेवढाच राहतो. आईच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर एक छोटा स्पीकर ठेवला, कानाच्या उंचीला, हाताच्या अंतरावर. एकच, स्टिरिओ नको. बातम्या आणि कीर्तन त्यावर. हॉलमधला आवाज निम्म्याहून खाली आला आणि ती पुन्हा बातम्यांवर वाद घालायला लागली. एकदा कानाच्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घ्या, त्यात टाळाटाळ नको.

अंगणातला_पारवा
पखवाजीदादा, हे वाचून बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "हा माणूस मला ओळखतो काय?" तपासणीची वेळ घेतली आहे.

दरम्यान टाळीचा प्रयोग केला. दारासमोरच्या भिंतीपाशी चर्रर्र स्पष्ट आहे. फोनवरच्या ॲपने ५६ हर्ट्झचा सूर सोडून खोलीभर फिरलो. १० फुटांच्या दोन्ही टोकांना भिंतीशी कान नेला की पोटात जाणवेल एवढा जोर, आणि मधोमध आलं की सूर जवळजवळ नाहीसा! दिवाण अगदी भिंतीला टेकलेला आहे. म्हणजे मी नेमका सगळ्यात जोराच्या जागी बसत होतो.

ओमचा_नियम
शाब्बास. आता दिवाण भिंतीपासून अडीच-तीन फूट पुढे घ्या. मधोमधही नको, तिथे सूर मरतो. आणि स्पीकरची तोंडं १२ फुटांच्या दिशेने करा, म्हणजे मागेपुढे जास्त जागा मिळेल. स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण, साडेपाच-सहा फुटांचा. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या रेषेत.

मग आरशाचा प्रयोग. तुम्ही बसा, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. जिथे तुम्हाला आरशात ट्वीटर दिसेल ती पहिल्या परावर्तनाची जागा. शोषक तिथे लावला की सगळ्यात जास्त कामाला येतो. दोन्ही भिंतींवर तशी जागा शोधा.

चिंचवडचा_चौकोन
मध्येच विचारतो. माझी खोली दहा बाय दहा आहे, उंची नऊ. माझं काय होणार?

ओमचा_नियम
चौकोनी खोली जरा हट्टी. तुमच्या लांबीचा आणि रुंदीचा सूर एकच, ५६. दोन्ही एकावर एक चढतात. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड शोषक हवेत, कारण सगळे खालचे सूर कोपऱ्यात सर्वांत जोरात असतात. भिंतीला टेकून बसू नका आणि छोटे बंद खोक्याचे स्पीकर हाच मार्ग. सबवूफरचा विचारही करू नका.

चिंचवडचा_चौकोन
सबवूफर कालच आलाय…

टिंबटिंब
अरेरे. परतीची मुदत बघा पटकन!

हातोडी_छिन्नी
पॅनेलबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, हे काम माझ्या हातचं आहे.

रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या तंतूंचे, स्लॅब मिळतात, चार फूट बाय दोन फूट, ५० मिलीमीटर जाड. घनता घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घ्या. भिंतीसाठी एक थर आणि मागे दोन इंच पोकळी. कोपऱ्यासाठी दोन थर, म्हणजे चार इंच, तिरके उभे करून. चौकट साध्या पाइनच्या पट्ट्यांची, सुतार अर्ध्या दिवसात जोडून देतो. कापड मांजरपाट सगळ्यात उत्तम. दुकानात कापड तोंडाशी धरून फुंकर मारायची, पलीकडच्या हाताला वारा लागला पाहिजे. रेक्झिन किंवा दाट सोफ्याचं कापड लावलं तर वरचा आवाज कापडावरूनच परततो, आतला माल रिकामा बसतो. मांजरपाटाच्या आत एक पातळ न विणलेलं कापड घ्या म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. रॉकवूल अंगाला लागलं की दिवसभर खाजतं.

घोंगडी, गादी किंवा पॅनेल, जे काही लावाल ते पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. ठाणे-मुंबईत त्या भिंती घाम धरतात, मागे बुरशी येते. पोकळी ठेवली की आवाजालाही फायदा आणि हवाही खेळते. महिन्यातून एकदा मागे हात घालून बघा.

आप्पा_सोलापूरकर
बुरशीचा मुद्दा महत्त्वाचा. आमच्या कोरड्या हवेत सुचला नसता. घोंगडीला डांबरगोळ्या किंवा कडुनिंबाचा पालाही लागतो, कसर पडते.

खालच्या_मजल्यावरचा
एक विचारायचं होतं. हे पॅनेल लावले की शेजाऱ्यांना आवाज जायचा थांबतो ना? आमच्या वरच्यांना सुचवीन म्हणतो.

हातोडी_छिन्नी
नाही थांबत. आतला घुमारा कमी करणं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं ही दोन वेगळी कामं. बाहेर जाणं थांबवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात: दाराच्या खालची फट, खिडकीची रबरं. बास तर जमिनीच्या स्लॅबमधून खाली उतरतो. वरच्यांचे स्पीकर थेट टाइल्सवर असतील तर खाली जाड रबराचे पॅड द्यायला सांगा, आणि बास उतरवायला. गोडीत सांगा.

मंद्र_सप्तक
अवांतर, पण राहवत नाही. आमचं जुनं घर वाड्यातलं, शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि तक्तपोशी, एका भिंतीला कोनाडे. एकही मोठा गुळगुळीत पृष्ठभाग नाही. आजोबांचा साधा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, एकच स्पीकर, आणि भीमसेनजींचा षड्ज लागला की तो खोलीत उभा राहायचा. आता आपण टाइल, काच आणि पुट्टीच्या पेटीत राहतो आणि वर हजारोंचे स्पीकर आणून त्यांना दोष देतो. बिल्डरने सुंदर म्हणून जे विकलं ते कानाला सोसत नाही. घर घेताना आपण पाणी बघतो, हवा बघतो, उजेड बघतो. टाळी वाजवून कुणी बघत नाही, ते बघावं असं मला मनापासून वाटतं.

थर्मासभर_चहा
+१. शाळांचे वर्गही असेच झालेत. मागच्या बाकावरच्या मुलाला बाई काय म्हणतात ते कळत नाही, आणि बाईंचा घसा बसतो.

अंगणातला_पारवा
बरेच बदल झाले, म्हणून सांगायला आलो.

जमिनीवर जाड सतरंजी आणि खाली आजीची जुनी गोधडी. खिडकीला चुण्यांचा पडदा, काचेपासून पुढे. आरशाने शोधलेल्या दोन जागांवर मांजरपाटाची पॅनेलं, फिकट पिवळ्या रंगात, बाबांनीच रंग निवडला. खिडकीच्या समोरच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत चार इंची पॅनेलं. दिवाण पुढे आला. खोली थोडी लहान दिसते, पण आत शिरताना कानावरचा ताण जातो हे घरातल्या प्रत्येकाने न सांगता म्हटलं. सुतार, कापड, रॉकवूल, पडदा मिळून बारा हजारांच्या आत.

बाबांच्या खुर्चीशेजारी एक छोटा स्पीकर आला. काल कीर्तनकारांनी आख्यान लावलं आणि मध्ये बाबा स्वतःशी मोठ्याने "वा" म्हणाले. पहिल्या खोलीतून ऐकू आलं.

टॉवरच्या भोकात फोमचे बोळे घातले. भुम्म बरंच उतरलं, द्रुत लयीत अजून थोडं राहतं. उरलेल्या पैशात बंद खोक्याचे बुकशेल्फ घ्यावेत असं आता वाटतंय. ओमचा_नियम रागावणार नाहीत अशी आशा.

ओमचा_नियम
रागावतो कशाला? खोली आधी झाली, आता स्पीकर काय करतो ते तुम्हाला ऐकू येईल. दुकानात जाताना तुमचीच ध्वनिमुद्रणं न्या, ज्यांचा डग्गा आणि तंबोरा पाठ आहे ती. दुकानातली खोली मोठी असते, तिथला बास बघून भुलू नका. माणसाचा आवाज ऐका, आणि दोन्ही स्पीकर एकाच पातळीवर वाजवून घ्या. अर्धा-एक डेसिबल मोठा वाजणारा नेहमी चांगला वाटतो. जमलं तर घरी दोन दिवस ठेवून बघायची परवानगी मागा, बरेच जण देतात.

कडप्पा
आणि स्पीकरच्या दर्शनी फळीचं मागच्या भिंतीपासूनचं अंतर जपा. अडीच फूट ठेवलंत तर ११० हर्ट्झच्या आसपास भिंतीवरून परतलेला आवाज पुढच्याला मारतो, म्हणजे तुमच्या डग्ग्याच्या ऐन पट्ट्यात भोक पडतं. खोकं भिंतीच्या शक्य तितकं जवळ घ्या, फळी भिंतीपासून सव्वा फुटाच्या आत. मग ते भोक २०० च्या वर सरकतं, तिथे पॅनेल त्याला सांभाळून घेतं. बंद खोक्याला भिंतीची जवळीक चालते ते यासाठीच.

अंगणातला_पारवा
स्टँड लोखंडी घ्यावा की लाकडी?

हातोडी_छिन्नी
जो हलत नाही तो. लोखंडी पोकळ पाइप घेतलात तर आत कोरडी वाळू भरा, नाहीतर टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. वाळू आधी उन्हात नीट वाळवा, ओली राहिली तर आतून गंज चढतो. खाली कडप्पा दगडाचा फूटभर चौरस तुकडा, त्याखाली रबर. उंची तुमच्या दिवाणावर बसून मोजा, दुकानातल्या खुर्चीवर नाही.